मावशी शिंकली

मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या. तो माझा स्वभावही होता आणि नोकरीही, त्यामुळे घरून आणि बाहेरून अशा दोन्हीकडून शिव्या खाल्ल्या. छापखान्यात एकतीस वर्षं प्रुफं तपासली. अजूनही दवाखान्यात 'आवाज करु नये' अशी पाटी दिसली की गुडघ्याचं दुखणं विसरून मी त्या 'रु'कडे बघत बसते. डॉक्टरांना एकदा सांगितलंसुद्धा. ते म्हणाले, "आजी, गुडघ्याचं बोला."

आमच्या धंद्यात एक खूण असते. चुकून बरोबर शब्द खोडला गेला, तर त्याच्याखाली टिंबं द्यायची आणि समासात 'राहू द्या' असं लिहायचं. म्हणजे चूक लिहिणाऱ्याची नव्हती, खोडणाऱ्याची होती, हे सही-शिक्क्यानिशी कबूल करणं. एकतीस वर्षांत मी ते चारदा लिहिलं.

माझी धाकटी बहीण लेखिका. लहान मुलांसाठी जादूच्या, उलट्यासुलट्या राज्यांच्या कादंबऱ्या लिहिणारी. घरात मूल असेल तर तिच्या दहांपैकी एखादी तुमच्याकडे असेलच, बहुधा मलपृष्ठ फाटलेली. आणि तिची मावशी तर तुम्हाला ठाऊकच असणार. लठ्ठ, खांद्याला पिशवी, नाक कायम लाल, आणि शिंकली की भिंतींच्या जागा बदलतात, राजे सिंहासनासकट दुसऱ्याच्या राज्यात जाऊन पडतात. मुलं त्या मावशीवर जीव टाकतात. मुलं कसली, आता त्यांची मुलं.

ती मावशी माझ्या हातून झालेल्या चुकीतून जन्मली. हे पुढे तिघांच्याच लक्षात राहिलं: धाकटीच्या, माझ्या आणि छापखान्याच्या मालकांच्या. मालक गेले. उरलो आम्ही दोघी.

चौतीस वर्षांपूर्वी धाकटी टेलिफोन ऑफिसात होती. कानाला यंत्र लावून "थांबा, जोडून देते" असं दिवसातून पाचशे वेळा म्हणायची, आणि जेवणाच्या सुट्टीत तक्रारीच्या कोऱ्या फॉर्मांच्या पाठीवर गोष्ट लिहायची. तिचं अक्षर ऐसपैस आणि बिनछपराचं. शिरोरेषा म्हणून द्यायची नाही. आई म्हणायची, "अगं, पावसात भिजतील तुझी अक्षरं." त्यावर ही सात वर्षांची चिमुरडी म्हणाली होती, "भिजू देत, वाढतील." मी नेमकी उलट. आधी रेघ, मग अक्षर.

तिचा नवरा जहाजावर, वर्षातले आठ महिने पाण्यात. लेक पाच वर्षांची, तिला सगळे ठमी म्हणायचे. शाळा सुटली की ठमी माझ्याकडे छापखान्यात. मी प्रुफं तपासायची आणि ती माझ्या टेबलाखाली बसून कागदाच्या कपट्यांची घरं बांधायची. दर दोन मिनिटांनी हाक. मावशी, पाणी. मावशी, भूक. मावशी, तुला शिंक का आली? कागदाच्या धुळीनं मला बारा महिने सर्दी असायची.

धाकटीची पहिली कादंबरी आमच्याच छापखान्यात लागली. एका उलट्या विहिरीतलं राज्य, तिथे सावल्या चोरणारा राजा, आणि सावल्या परत आणायला निघालेले बहीण-भाऊ आणि त्यांची गाडी ओढणारी गोगलगाय. गोष्ट चांगली होती. मी कुणाला उगाच चांगलं म्हणत नाही. शेवटाकडे ती दोघं तळघराच्या दाराशी पोचतात. पहारेकरी पेंगतोय, किल्ली कुलपात फिरतेय, सगळं जमत आलंय, 'आणि तेवढ्यात माशी शिंकली.' साधा वाक्प्रचार. पुढे, 'पहारेकरी जागा झाला.'

पुस्तक छापून आलं. पृष्ठ त्र्याऐंशी, ओळ अकरावी: 'आणि तेवढ्यात मावशी शिंकली. पहारेकरी जागा झाला.'

सबंध पुस्तकात मावशी म्हणून कुणी नाही. आधी नाही, नंतर नाही. आमचा जुळारी, म्हणजे शिशाची अक्षरं जुळवणारा माणूस, दिवसभर ठमीच्या हाका ऐकायचा. त्याच्या बोटांनी आपोआप मावशी जुळवली. त्याचं सोडा. ते माझ्या डोळ्यांखालून दोनदा गेलं. मलाही दिवसभर तोच शब्द ऐकायची सवय. त्यात काही वावगं दिसलंच नाही.

धाकटीनं ते पान माझ्या टेबलासमोर उभं राहूनच वाचलं. मग पुस्तक मिटलं.

"ताई, झोपली होतीस का?"

"मूळ प्रतीत काय आहे ते बघते आधी," मी म्हणाले. मूळ प्रतीशी ताडल्याशिवाय मी ओळ सोडत नसे.

"माझ्या प्रतीत काय असणार? मावशी?" तिनं हस्तलिखिताचं गाठोडं माझ्या टेबलावरून उचललं. "पाच वर्षं लिहीत होते मी हे. पाच वर्षं! आणि तू माझं हसं केलंस."

ते गाठोडं तिनं घरी नेऊन माळ्यावर टाकलं ते टाकलंच. मला ते परत बघायला मिळालं नाही. त्यामुळे माझ्या मनात एक पाचर राहून गेली: कदाचित तिनंच 'मावशी' लिहिलं असेल. फोन जोडता जोडता, लेकीच्या आठवणीत. कदाचित मी चुकलेच नसेन. हा 'कदाचित' मी चौतीस वर्षं सांभाळला.

मालकांनी मला शिक्षा दिली ती रास्त होती. शुद्धिपत्राच्या चिठ्ठ्या छापल्या, 'मावशीऐवजी माशी असे वाचावे', आणि उरलेल्या प्रतींत त्या एकेक करून मीच डकवल्या. ठमी शेजारी बसून खळीचं बोट चाटायची. दोनेकशे प्रती मात्र आधीच शाळांच्या वाचनालयांत गेल्या होत्या.

महिन्याभरानं पत्रं यायला लागली. मावशी कुठून आली? तिला सर्दी झाली होती का? ती पहारेकऱ्याच्या बाजूची आहे की आपल्या? चिठ्ठी डकवलेल्या प्रतीच्या एका मालकानं कळवलं, 'आम्ही चिठ्ठी काढून टाकली. माशीपेक्षा मावशी बरी.' आणि एका मुलीनं आखीव कागदावर लिहिलं होतं, 'मला माहीत आहे मावशी कुठे होती. ती पहिल्या पानापासून सगळ्यांच्या मागून येत होती. तिच्याकडे सामान होतं म्हणून ती मागे पडली. म्हणून तुम्हाला दिसली नाही.'

ते पत्र धाकटीनं मला मोठ्यानं वाचून दाखवलं. दोन महिने आमचं बोलणं बंद होतं, ते त्या दिवशी सुटलं. मग तिनं दुसरं पुस्तक लिहिलं ते मावशीचं. तिसरंही. पाचव्या पुस्तकाला तिनं टेलिफोन ऑफिसला रामराम ठोकला. शाळाशाळांतून बोलावणी, सत्कार, मुलांचे घोळके. कुणीतरी हमखास विचारायचं, "तुम्हाला मावशी कशी सुचली?" धाकटी हसायची आणि म्हणायची, "सुचली." मी मागच्या रांगेत बसलेली असायची, बहुतेक वेळा नाक पुसत. त्या एका शब्दावर ती माझ्याकडे कधी बघायची नाही.

दहाव्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तिनं मुलांना वचन दिलं: पुढचं पुस्तक शेवटचं, आणि मावशी पहिल्यांदा कुठून आली ते मी त्यात सांगेन. त्यानंतर चौदा महिने तिनं एक ओळ लिहिली नाही.

परवाच्या मार्चात ठमीचा फोन आला. ठमी आता दातांची डॉक्टर आहे, चाळिशीला टेकलेली, पण फोनवर अजून टेबलाखालून बोलल्यासारखी बोलते.

"मावशी, आईनं प्रकाशकाला पत्र लिहिलंय. पुस्तक होणार नाही म्हणून. आणि सगळे कागद संग्रहालयाला देऊन टाकतेय. उद्या अकराला माणसं येतायत. तू ये ना. माझं ऐकत नाही ती."

"माझं कधी ऐकलंय?"

"तरी ये."

गेले. धाकटी खिडकीजवळच्या खुर्चीत होती. अडुसष्ट वर्षांची बाई, पण केसांचा अंबाडा नेहमीसारखा पेन्सिल खोचून बांधलेला. तिचं टेबल मात्र लख्ख रिकामं. त्या टेबलाचं लाकूड कुठल्या रंगाचं आहे ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. वर फक्त एक पाकीट होतं. तिकीट लावलेलं.

"हे काय आरंभलंयस?" मी पिशवी खाली ठेवता ठेवताच सुरुवात केली.

"आरंभलं नाही, ताई. संपवतेय." तिनं मला बसायला स्टूल सरकवलं. "मुलांना वचन दिलंय. मावशी कुठून आली? काय सांगू? छापखान्यातून?"

"सांग काहीतरी. जन्मभर थापाच मारल्यास की."

"थापा नाहीत त्या." ती एकदम ताठ झाली. "गोष्टी मी खऱ्या मनानं लिहिल्या. थाप एकच मारली. 'सुचली' म्हणाले. मला विहीर सुचली, राजा सुचला, गोगलगाय सुचली. आज कुणाला आठवते गोगलगाय? माझं जे नावाजलं गेलं ते माझं नव्हतंच. चौतीस वर्षं मी एका चुकीला कपडे शिवत बसलेय." मग हळू आवाजात म्हणाली, "तुला बोल लावत नाहीये हं मी."

लावला असता तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं.

ठमीनं शिडी लावून माळ्यावरचे कागद उतरवले. त्या धुळीनं तिघींनाही शिंका आल्या. दहा गाठोडी निघाली, सुतळीनं बांधलेली. धाकटी त्यांच्याकडे न बघता आत जाऊन पडली. ठमीला तीन वाजता कुणाची तरी अक्कलदाढ काढायची होती. ती दवाखान्यात पळाली. जेवणाच्या टेबलाशी मी एकटी उरले, आणि समोर ते सगळ्यात जुनं गाठोडं. छापखान्याची गाठ होती तशीच होती. ती मीच मारलेली होती.

खोटं कशाला बोलू? धाकटीची काळजी होती, पण सुतळी सोडताना माझ्या मनात आधी मीच होते. त्या पानावर 'मावशी' निघाली तर दोघींची सुटका. मी चुकले नव्हते आणि मावशी तिचीच होती. फॉर्मांच्या पाठी उलटत गेले. पहारेकरी पेंगतोय. किल्ली फिरतेय.

'आणि तेवढ्यात माशी शिंकली.'

लहान मुलालाही वाचता येईल इतकं स्वच्छ. मा आणि शी, दोघांच्या मध्ये भरपूर मोकळी जागा, कारण तिचं अक्षरच तसं.

चौतीस वर्षांचा 'कदाचित' गेला. चूक माझीच होती, निखळ माझी. आणि उद्या अकरा वाजता हे पान कपाटात जाणार, कुणीतरी अभ्यासू माणूस ते उघडणार, आणि आत झोपलेली ती बाई मनात म्हणणार, बरं झालं, एकदाची पकडली गेले.

आमच्या धंद्यातली पहिली शिकवण अशी: मूळ प्रतीला हात लावायचा नाही. प्रुफावर लिहा, समासात लिहा, लेखकाला जाऊन विचारा. मूळ प्रत लेखकाची, आपण तिथे पाहुणे. एका नव्या पोरीनं लेखकाच्या पानावर नुसता अनुस्वार दिला होता, तर मी तिला दोन दिवस टेबलाशी बसू दिलं नव्हतं.

मी उठले. धाकटीच्या टेबलाचा खण उघडला. जुना टाक होता, निळ्या शाईची बाटली होती. शाई फिकी दिसावी म्हणून बशीत दोन थेंब पाणी घातलं. म्हणजे बघा, किती थंड डोक्यानं केलं. आणि मा आणि शी यांच्यामधल्या जागेत एक व लिहिला. फुंकर घातली. मग आत जाऊन तिला हलवलं.

"ऊठ. ऊठ आधी. हे बघ. तूच लिहिलंयस! मावशीच लिहिलंयस!"

तिनं चष्मा शोधला, पान हातात घेतलं. चोराच्या मनात चांदणं. मी नको तितकं बोलत सुटले. "अगं, ऑफिसात लिहिताना ठमीची आठवण आली असणार, ती सारखी मावशी मावशी करायची ना, तेच आलं हातातून. मी म्हणत नव्हते? मी मूळ प्रतीशी ताडल्याशिवाय ओळ सोडत नाही. जुळाऱ्याला बिचाऱ्याला उगाच..."

धाकटी त्या ओळीवरून बोट फिरवत होती. बोट एका जागी थांबलं.

"ताई, ह्या पानावर अक्षरं किती असतील?"

"मला काय माहीत?"

"तीनशे तरी असतील. सगळी उघड्यावर. आणि ह्या एकट्या व-च्या डोक्यावर छप्पर."

मी वाकून पाहिलं. होतं. चांगली सरळ, आखल्यासारखी रेघ. आधी रेघ, मग अक्षर. सत्तर वर्षांची सवय, ती चोरीच्या वेळी बरी रजा घेईल!

"माशीच होती," मी म्हणाले. "चूक माझीच होती. आणि ही आता दुसरी." चौऱ्याहत्तराव्या वर्षी धाकट्या बहिणीच्या पलंगाच्या कडेवर बसून मी हमसाहमशी रडले. ती रागावेल, त्याचं नव्हतं काही. तिला काहीतरी द्यायला निघाले होते, आणि तेही खोटं निघालं, त्याचं रडू होतं.

"तू मूळ प्रतीला हात लावलास?" धाकटी म्हणाली.

"हो."

"तू?"

"हो म्हणते ना!"

ती माझा हात घेऊन बोटाला लागलेली शाई आपल्या पदरानं पुसत बसली. शाई निघाली नाही, पदर तेवढा खराब झाला. मग तिला हसू फुटलं. आधी हळू, मग खांदे हलायला लागले, मग चष्मा काढावा लागला. "एकतीस वर्षं," ती म्हणत होती, "एकतीस वर्षं जिनं अनुस्वारावरून माणसं रडवली..." आणि हसता हसता तीही रडत होती. आम्ही दोघी कितीतरी वेळ तशाच बसून होतो.

दाढ काढून ठमी आली तेव्हा धाकटी टेबलाशी बसली होती. ते पान समोर. प्रकाशकाच्या पाकिटावर तिनं चहाचा कप ठेवला होता. त्याचा गोल डाग पत्त्यावर उमटला होता. तसलं पाकीट काही टपालात टाकता येत नाही.

दुसऱ्या दिवशी संग्रहालयाची माणसं गाठोडी घेऊन गेली. त्यांच्या यादीत पहिल्या हस्तलिखितापुढे 'एक पान गहाळ' अशी नोंद आहे. शुद्धलेखन बरोबर आहे, मी पाहिलं.

सात महिन्यांनी अकराव्या पुस्तकाची प्रुफं माझ्याकडे आली. आता हे सगळं संगणकावर होतं, पण धाकटीनं हट्ट धरला की ताई कागदावरच तपासेल. मी लाल पेन काढलं. पहिलं प्रकरण असं होतं:

'मावशी कुठून आली, ते आता सांगते. एका पानावर सगळी अक्षरं उघड्यावर राहत होती. ऊन लागायचं, पण सवय होती. एक दिवस एक अक्षर आलं, डोक्यावर स्वतःचं छप्पर घेऊन. बाकीच्यांनी विचारलं, तू कोण? तुला कुणी बोलावलं? तू इथलं नाहीस, तू चूक आहेस. ते अक्षर म्हणालं, असेन. पण मी फार लांबून चालत आलेय आणि सामान जड आहे. मग दोन अक्षरं जराशी सरकली. ते मध्ये बसलं, आणि त्यानं आपलं छप्पर दोघांच्याही डोक्यावर ओढून घेतलं. मग त्याला शिंक आली.'

मी ते तीनदा तपासलं. चूक नव्हती. डोळ्यांत पाणी असलं तरी मला चूक दिसते, तेवढं मला येतं.

अर्पणपत्रिका मुद्दाम शेवटी ठेवली होती. एकच ओळ: 'ताईला, जिनं आयुष्यात एकच चूक केली.'

हे साफ चुकीचं. एक माशीची, एक छपराची, दोन झाल्या. मी 'एकच' खोडलं आणि वर लाल शाईनं 'दोन' लिहिलं. थोडा वेळ बघत बसले. मग मी लिहिलेलं 'दोन' काढून टाकलं, 'एकच'च्या खाली तीन टिंबं दिली, आणि समासात पाचव्यांदा लिहिलं: राहू द्या.